अंदाजपंचे चौरस मीटर

मेक्सिकोत माणसाला पगार विचारला तर तो विषय बदलतो, वजन विचारलं तर पोट आत घेतो. पण ‘घर बांधायला किती खर्च येईल हो?’ एवढं विचारा, हातातलं काम सोडून तो आकडा सांगतो. ग्वादालाहारात मला हा आकडा टॅक्सीवाल्यानं सांगितलाय, ताकोच्या गाडीवरच्या माणसानं कांदा चिरता चिरता सांगितलाय, आणि दातांच्या डॉक्टरांनी माझी दाढ कोरता कोरता सांगितलाय. डॉक्टरांशी वाद घालता आला नाही, कारण तोंडात आरसा होता. प्रत्येकाचा आकडा निराळा, ठामपणा मात्र सगळ्यांचा सारखाच. कुणाच्या तरी मेव्हण्यानं नुकतंच घर बांधलेलं असतं आणि त्याला ते ‘फक्त एवढ्यात’ पडलेलं असतं. हा मेव्हणा प्रत्यक्षात कधीच कुणाला भेटत नाही.

मी या शहरात आहे तो संगणकाच्या नोकरीपायी. सॉफ्टवेअरचा धंदा इथे चांगला फोफावलाय, त्यामुळे पुण्या-नाशकाकडची थोडी मंडळीही इथे येऊन पडली आहेत. मेक्सिकोत पदवी हीच हाक असते. वास्तुविशारद असेल तर ‘आर्की’, इंजिनियर असेल तर ‘इन्हे’, बाकी कुठली पदवी असली की सरसकट ‘लिसेन्सियादो’. मी अर्थात ‘इन्हे’. उभ्या आयुष्यात मी स्वतःच्या हातानं उभी केलेली एकमेव गोष्ट म्हणजे इस्त्रीचं टेबल. पण एकदा ‘इन्हे’ म्हटलं की पूल, धरणं, स्लॅब सगळं त्यात आलंच, असं इथले लोक धरून चालतात.

त्यामुळे आमच्या घरमालकीणबाईंनी धाकट्या मुलासाठी तोनालाला, म्हणजे शहराला चिकटूनच असलेल्या कुंभारांच्या गावात, घर बांधायचं मनावर घेतलं तेव्हा अंदाजपत्रकासाठी मलाच बोलावणं आलं. बाईंचं वय सत्तरीचं, आवाज तिशीतला. सगळी गल्ली त्यांना ‘दोन्या’ म्हणते.

“इन्हे, तुम्ही शिकलेले आहात,” दोन्या म्हणाल्या. “जरा बसून हिशेब मांडा. साधंच घर आहे. असून असून काय असतं त्यात?”

मी लॅपटॉप उघडला. अलीकडे मेक्सिकोत साध्या ते मध्यम बांधकामाला चौरस मीटरला दहा ते पंधरा हजार पेसो असा दर सर्रास सांगितला जातो. घर साठ चौरस मीटरचं धरलं, म्हणजे आपल्या भाषेत साडेसहाशे चौरस फूट. मधला बारा हजारांचा दर लावला. सात लाख वीस हजार पेसो. पेसोचा भाव साडेचार रुपये धरला तर बत्तीस लाखांच्या आसपास. पाच मिनिटांत अंदाजपत्रक तयार! मी त्याचा फोटो काढून पुण्याला भावाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला, “सात लाख वीस हजार डॉलर? अरे, किल्ला बांधताय काय?” पेसोच्या आकड्याआधी इथे तेच एस अक्षरावरच्या उभ्या रेघेचं चिन्ह असतं, जे आपण डॉलरचं समजतो. बहुतेक इतिहासकारांच्या मते ते मूळचं स्पॅनिश पेसोचंच. अमेरिकेनं नंतर उचललं. पण हे भावाला पटवण्यात जेवढी मिनिटं गेली, तेवढ्यात आणखी एक अंदाजपत्रक झालं असतं.

खरी मेख पुढे होती. चौरस मीटरचा दर सांगणारा माणूस तो दर कुठल्या रंगापर्यंतचा आहे, हे सांगत नाही. इथे बांधकामाचे तीन रंग आहेत. काळं काम म्हणजे पाया, भिंती, स्लॅब. करडं काम म्हणजे गिलावा, भिंतीतले पाईप, वायरींच्या नळ्या. पांढरं काम म्हणजे फरशी, रंग, दारं, नळाच्या तोट्या. दहा हजारवाला काळ्यावर थांबलेला असू शकतो आणि पंधरा हजारवाला पांढऱ्याच्या दारात उभा असू शकतो. दोघंही खोटं बोलत नसतात. पुण्यात कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअपचा खेळ पाहिलेल्या माणसाला हे समजायला जड जात नाही. फरक इतकाच, की आपल्याकडे हा खेळ बिल्डर खेळतो. इथे लोक तो स्वतःशीच खेळतात.

मग ‘पक्क्या बिलानं की कच्च्या?’ हा प्रश्न. तोही अगदी आपल्याकडच्यासारखाच विचारला जातो, आवाज तितकाच खाली आणून. पक्क्या बिलावर १६ टक्के ‘इवा’, म्हणजे त्यांचा मूल्यवर्धित कर. शिवाय कामगारांची सामाजिक विमा संस्थेत नोंदणी करायची तर त्याचा खर्च वेगळा. मी या दोन्हींसाठी तक्त्यात रकाने केले. दोन्यांनी चष्मा लावून ते रकाने पाहिले आणि म्हणाल्या, “हे कोणासाठी?”

आता ‘साधं’ या शब्दाकडे वळतो. दोन्यांच्या मते साध्या घरात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असतं. आणि रस्त्याच्या बाजूला उंच भिंत, कारण ती नसली तर घर उघड्यावर आहे असं वाटतं. भिंत म्हटली की मोटार जाईल एवढं लोखंडी दार. मोटार नाही, पण उद्या घेतली तर? खिडक्यांना लोखंडी जाळ्या. गच्चीवर काळी पाण्याची टाकी. टाकीत पाणी चढवायला खाली हौद, कारण नळाला पाणी रोज येईल याची हमी नाही. हौदावर पंप. गच्चीवरच गॅसची टाकी. कपडे धुवायचा दगडी कट्टा. दर्शनी भिंतीत ग्वादालूपेच्या मातेसाठी कोनाडा, आणि त्यात दिवा लागायला वायर. गच्चीला कठडा हवा, नाहीतर कुत्रं पडेल. मेक्सिकोत कुत्रं गच्चीवर राहतं आणि तिथून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतं. ही व्यवस्था इतकी सार्वत्रिक आहे की कठड्याचा खर्च मी ‘कुत्रं’ याच सदराखाली टाकला. या सगळ्यातलं एकही कलम साठ चौरस मीटरमध्ये बसत नव्हतं. आणि दोन्यांच्या मते यातलं एकही चैनीचं नव्हतं. मला विचाराल तर त्यांचंच बरोबर होतं.

जमिनीचा खर्च यात नाही. जमीन आधीच घेतलेली होती, आणि ती कशी घेतली हे विचारायचं नसतं. मेक्सिकन क्रांतीनंतर १९१७ च्या राज्यघटनेनं शेतकऱ्यांच्या गावांना सामूहिक जमिनी दिल्या, त्यांना ‘एहिदो’ म्हणतात. या जमिनी विकता येत नसत. १९९२ च्या दुरुस्तीनंतर रीतसर प्रक्रिया करून त्या खाजगी मालकीच्या करता येतात. पण शहरं त्या प्रक्रियेसाठी थांबली नाहीत. त्यामुळे शहराच्या कडेला स्वस्तात मिळणाऱ्या प्लॉटचे कागद पाहिले की आपल्याला गुंठेवारीची सय येते. सगळं आहे, फक्त मालकी नाही.

माझा तक्ता तयार झाल्यावर दोन्यांनी मेस्त्रोला बोलावलं. मेस्त्रो म्हणजे आपला मिस्त्री: मुकादम, ठेकेदार आणि प्रसंगी पुरोहितही. पन्नाशीचा, बुटका, डोक्यावर गवती टोपी. त्यानं टेप आणला नव्हता. प्लॉटची लांबी-रुंदी पावलांनी मोजली, आभाळाकडे पाहिलं, शेजाऱ्याची भिंत दोन ठिकाणी बोटानं वाजवली आणि दोन्यांना विचारलं, “मुलाचं लग्न ठरलंय का?”

“बोलणी चालू आहेत.”

“मुलगी इकडचीच?”

“इकडचीच.”

“मग आईबाप जवळ. तीन मुलं धरू,” मेस्त्रो म्हणाला आणि पायाची खोली वाढवली.

माझ्या तक्त्यात ‘सून’ असा रकाना नव्हता. मेस्त्रोचं गणित सरळ होतं. सून आली की नातवंडं, नातवंडं आली की वरचा मजला. वरचा मजला उद्या चढवायचा तर पाया आणि खांब आजच त्या हिशेबानं पाहिजेत. त्यानं सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा कागद फाडला, कानावरची सुताराची चपटी पेन्सिल काढली आणि आकडे लिहायला घेतले. किलो नाही, घनमीटर नाही. सगळं बादल्यांत. मेक्सिकोत काँक्रीटचं माप म्हणजे एकोणीस लिटरची प्लास्टिकची बादली. सिमेंटच्या गोणीवरच छापलेलं असतं: एका गोणीला वाळू इतक्या बादल्या, खडी इतक्या बादल्या, पाणी इतक्या बादल्या. आणि ही बादली विकत कोणी आणत नाही. गच्ची गळू नये म्हणून पावसाळ्याआधी जो लाल किंवा पांढरा रंग फासतात, तो या बादलीत येतो. म्हणजे एका घराची गळती थांबली की दुसऱ्या घराच्या स्लॅबचं माप तयार. आपल्याकडची घमेली घेऊन पिढ्यान् पिढ्या स्लॅब पडले, तेव्हा मी नाक मुरडायचं कारण नव्हतं. मी गुपचूप तक्त्यात बादलीचा रकाना घातला.

वाळूचंही तसंच. ती ‘खेपे’च्या हिशेबानं येते. लहान डंपरची खेप सात घनमीटरची, आपली जेमतेम अडीच ब्रास. ती काठोकाठ असेल की शिगोशीग, हे खाणीपासूनच्या रस्त्याला किती खड्डे आहेत त्यावर. लोखंडाची कथा आणखी न्यारी. देश मेट्रिक, मुलं शाळेत सेंटिमीटर शिकतात, पण सळई विचारायची ती इंचाच्या अष्टमांशात: तीन-अष्टमांश, चार-अष्टमांश. लांबी मात्र बारा मीटर. म्हणजे एकाच सळईची जाडी इंग्रजी आणि लांबी फ्रेंच. दुकानदाराला यात काही वावगं वाटत नाही.

काम सुरू झाल्यावर मला खरा धक्का बसला तो भिंतींचा. आपल्याकडे आधी आरसीसीचे खांब उभे राहतात, त्यांच्यावर स्लॅब पडतो, आणि मग मधल्या भिंती रचतात. इथे आधी भिंत! कोपऱ्यात विटा दातेरी सोडून मधे फट ठेवतात, त्या फटीत तयार मिळणारा सळयांचा पिंजरा उभा करतात, दोन्ही अंगांना फळ्या ठोकतात आणि वरून बादली बादली काँक्रीट ओततात. काँक्रीट त्या दातांत शिरतं, आणि भिंत नि खांब एकमेकांना असे धरतात की हलवाल तर दोघंही मिळून हलतात. या खांबांना इथे ‘किल्ले’ म्हणतात, म्हणजे भावाची शंका अगदीच बिनबुडाची नव्हती. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत भूकंपानं हाहाकार केला. २०१७ साली त्याच तारखेला, भूकंपाची सराव-कवायत उरकून दोन-अडीच तास होतात न होतात तोच पुन्हा केला. हरेक कलमावर घासाघीस करणाऱ्या दोन्या या किल्ल्यांच्या लोखंडावर एक अक्षर बोलल्या नाहीत.

मजुरीचा दर ठरवायच्या दोन रीती, रोजंदारी आणि उक्तं. दोन्यांनी रोजंदारी पत्करली, कारण उक्त्यात भिंत लवकर होते आणि लवकरच वाकडी होते असं त्यांचं मत. मेस्त्रोच्या हाताखाली एक पुरा गवंडी, एक ‘अर्धी थापी’ आणि एक बिगारी पोरगा. अर्धी थापी हा हुद्दा आहे. गवंडीकाम येतं पण ओळंब्यावर अजून भरवसा नाही, अशा माणसाचा. आमच्या कंपनीत हा हुद्दा असता तर निम्म्या लोकांची नेमणूक बिनचूक झाली असती.

शनिवारी दुपारी पगार. सोमवारी कोणी येत नाही. या दिवसाला इथले लोक ‘संत सोमवार’ म्हणतात आणि त्याचं पावित्र्य कोणीही भंग करत नाही. माझ्या वेळापत्रकात सोमवार कामाचा होता. मेस्त्रोनं तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि ज्या ममतेनं लहान मुलाच्या चित्रातल्या पाच पायांच्या गाईकडे पाहतात त्या ममतेनं म्हणाला, “छान केलंय, इन्हे.”

‘इतर खर्च’ हे कलम मी तीन टक्के धरलं होतं. त्यात मुख्य वाटा निघाला कोका-कोलाचा. दुपारी बारा-एकच्या सुमाराला बिगारी पोरगा फळ्यांचे तुकडे पेटवतो, घासूनपुसून लख्ख केलेलं फावडं त्यावर आडवं टाकतो, आणि त्या फावड्यावर तॉर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, फुगवतो. ताटाऐवजी एक फळी. तिच्यावर चिचारोन, म्हणजे डुकराच्या कातडीचे तळलेले कुरकुरीत तुकडे, दोन अवोकाडो, हिरव्या मिरच्या, मीठ. मधोमध तीन लिटरची कोका-कोलाची बाटली, आणि ती घरमालकानं द्यायची असा अलिखित करार. मी शाकाहारी असल्याचं कळल्यावर मेस्त्रो हळहळला आणि माझ्यासाठी एक अवोकाडो बाजूला काढू लागला. मेक्सिकोतल्या चांगल्या हॉटेलांत मी जेवलोय. फावड्यावरच्या तॉर्तियाची सर एकालाही नाही.

ग्वादालाहाराचा पाऊस साधारण आपल्या मृगाच्याच सुमाराला, जूनमध्ये येतो. त्याआधी स्लॅब टाकायची घाई. आणि नेमका त्याआधी येतो ३ मे, पवित्र क्रुसाचा दिवस, जो मेक्सिकोत गवंड्यांचा सण आहे. बांधकामाच्या सगळ्यात उंच जागी लाकडी क्रूस उभारायचा, त्याला रंगीत कागदाची फुलं बांधायची, फटाके उडवायचे आणि मालकानं सगळ्यांना जेवण घालायचं. १९६० साली रोमनं हा सण दिनदर्शिकेतून काढला, तर मेक्सिकोच्या बिशपांनी रदबदली करून आपल्यापुरता तो राखून ठेवला. बिशपच ते, त्यांनाही चर्चची डागडुजी करून घ्यायची असते. आपली वास्तुशांत घर झाल्यावर होते. इथे घर अर्धं असतानाच देवाला आणि गवंड्यांना खूश करून घेतात. उरलेलं अर्धं कोणाच्या हातात आहे, याची त्यांना पक्की जाण आहे.

स्लॅबच्या दिवशी पुतणे, भाचे, गल्लीतली पोरं, होऊ घातलेले व्याही, सगळे हजर. खांद्यावर बादली, फळीच्या उतारावरून वर, ओत, खाली, पुन्हा वर. मधे थांबायचं नाही, कारण अर्ध्यावर थांबलं तर जोड राहतो आणि जोडातून पाणी गळतं, हे चाळीस वर्षांपूर्वी गळालेल्या एका स्लॅबची हकीकत सांगून प्रत्येक म्हातारा पोरांना बजावत होता. संध्याकाळी कढईतलं डुकराचं मटण आणि बियर. मजुरीत वाचलेला पैसा मटणात गेला, असा माझा तक्ता सांगत होता. तो मी कोणाला दाखवला नाही.

स्लॅब पडला तरी वरून किल्ल्यांच्या सळया हात-दीड हात बाहेर ठेवल्या. मेक्सिकोत विमान उतरताना खाली पाहा: हजारो गच्च्या आणि प्रत्येकीवर काळी टाकी, कुत्रं आणि अशा गंजलेल्या सळया. लोक त्यांना आशेच्या सळया म्हणतात. त्यांच्या टोकांवर कोणी रिकाम्या बाटल्या उपड्या घालतात. वरचा मजला येणार, आज ना उद्या येणार. ‘घर पाहावं बांधून’ म्हणतात आपल्याकडे. इथे ते बांधताना पाहावं लागतं, आणि पाहता पाहता दोन पिढ्या म्हाताऱ्या होतात.

हे सळयांचं प्रकरण गमतीवारी नेऊ नये. मेक्सिकोतली निम्म्याहून अधिक घरं बिल्डरनं बांधून विकलेली नाहीत. कुटुंबांनी स्वतः, जमेल तशी, खोलीमागे खोली जोडत बांधलेली आहेत. सेमेक्स ही इथली अवाढव्य सिमेंट कंपनी. नव्वदीच्या दशकात तिच्या लक्षात आलं की आपलं सिमेंट एवढं विकत घेणारा हा गरीब माणूस घर कसं बांधतो, हे आपल्याला ठाऊकच नाही. कंपनीच्या लोकांनी चक्क ‘अज्ञानाचा जाहीरनामा’ लिहून काढला आणि ग्वादालाहाराच्या वस्त्यांत जाऊन राहिले. त्यांना आढळलं की एक खोली व्हायला सरासरी चार वर्षं आणि चार खोल्यांचं घर व्हायला तेरा वर्षं लागतात. पैसे आले की लोक वाळू आणतात. वाळू पावसात वाहून जाते. सिमेंट आणतात, ते गोणीतच दगड होतं. मग १९९८ साली कंपनीनं योजना काढली: तिघांचा गट करा, दर आठवड्याला १२० पेसो भरा, सत्तर आठवडे. माल टप्प्याटप्प्यानं, लागेल तेव्हा आणि ठरल्या भावानं. ही अक्कल मुळात कंपनीची नव्हती, वस्तीतल्या बायकांची होती. त्या ‘तांदा’ लावत होत्या. तांदा म्हणजे शुद्ध भिशी. दर आठवड्याला सगळ्यांनी काढायचे, पाळीपाळीनं एकीला द्यायचे. दोन्यांचे पायाचे पैसे तांदातूनच आले होते, आणि कोणत्याही बँकेला न सांगता आले होते.

बँकेला न सांगण्यामागेही कारण आहे. डिसेंबर १९९४ मध्ये पेसो कोसळला, व्याजदर आभाळाला टेकले, आणि ज्यांनी घरासाठी कर्ज काढलं होतं त्यांचे हप्ते रातोरात घशाशी आले. त्या काळाच्या आठवणी निघाल्या की दोन्या हळू आवाजात बोलतात, नाहीतर त्या हळू बोलत नाहीत. ज्याच्या घराला बाहेर सळया होत्या पण कर्ज नव्हतं, तो त्या वर्षी गल्लीतला सगळ्यात श्रीमंत माणूस होता.

साध्या घराचं कोडं सोडवायला मोठमोठ्या लोकांनी डोकं लावलंय. चिलीचे वास्तुविशारद आलेहांद्रो अरावेना यांनी २०१० मध्ये मोंतेरेइजवळ सत्तर घरं बांधली, आणि मुद्दाम अर्धी बांधली. स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना हा अवघड भाग सरकारी पैशातून पुरा. शेजारी तेवढीच मोकळी जागा, ती ज्याची त्यानं भरावी. २०१६ साली त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळालं. अर्धं घर बांधून वास्तुकलेतलं जगातलं सर्वोच्च पारितोषिक! आमच्या मेस्त्रोनं हे ऐकलं आणि म्हणाला, “मी तर कित्येक अर्धी बांधलीत.” मेक्सिकोच्याच तातियाना बिल्बाओ यांनी उलट टोक धरलं. त्यांनी आधी लोकांना विचारलं, आणि लोक म्हणाले, घर पुढे वाढवता येऊ दे, पण आज ते अर्धवट दिसता कामा नये. म्हणून उतरत्या छपराचं, लहान मूल काढतं तसं पुरं दिसणारं आणि आठ हजार डॉलरपासून सुरू होणारं घर त्यांनी २०१५ साली शिकागोच्या प्रदर्शनात मांडलं. मला विचाराल तर बिल्बाओबाईंनी गल्ली जास्त ओळखली. सळया बाहेर ठेवणारा माणूसही दर्शनी भिंतीला रंग मात्र फासून घेतोच. २०१९ मध्ये तर ताबास्को राज्यात यंत्रानं काँक्रीटचे थर छापून पाचशे चौरस फुटांची घरं उभी केली, एका घराच्या छपाईचा एकूण वेळ सुमारे चोवीस तास. चोवीस तासांत मेस्त्रो अजून मुलीकडच्यांची चौकशी करत असतो.

या सगळ्यात एकच आकडा सगळीकडे चालेल असं समजणाऱ्यानं एकदा मेक्सिको सिटीत जावं. ते शहर जुन्या तळ्याच्या गाळावर वसलंय आणि काही भागांत वर्षाला अर्ध्या मीटरपर्यंत खचतं. १९१० साली उभारलेला तिथला स्वातंत्र्यस्तंभ खोल पायावर ठाम राहिला आणि भोवतालचा रस्ताच खाली गेला. तेव्हा त्याला नंतर चौदा पायऱ्या वाढवाव्या लागल्या. राष्ट्रीय स्मारकालाही ‘जादा काम’ चुकलं नाही! उलट युकातानात खाली चुनखडीचा कातळ. पाया खणायचा तर तो फोडावा लागतो. पण तिथे भिंतीत झुलत्या झोळ्यांसाठी कड्या बसवतात आणि घरदार त्यांत झोपतं. पलंगाचा खर्च वाचला, तो कातळात गेला.

दोन्यांचं घर आज करड्या रंगावर आहे. मुलगा राहायला गेलाय, लग्न झालंय, हौदाला झाकण यायचंय. माझा तक्ता अजून चालू आहे, पण त्यातली ‘एकूण’ ही ओळ मेस्त्रोच्या सांगण्यावरून मी काढून टाकली. त्याच्या मते घराला एकूण नसतं, घराला शनिवार असतो. या शनिवारी मजुरीला किती, मालाला किती, एवढंच विचारायचं. पैसे असतील तर पुढचा मंगळवार उजाडतो, नसतील तर सळया आहेतच. मला हे पटलंय.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाचं नोकरीनिमित्त मेक्सिकोत बस्तान बसून ‘एक साधंसं घर’ मनात आलंच, तर समुद्रापासून पन्नास किंवा सरहद्दीपासून शंभर किलोमीटरच्या आत परक्या माणसाला जमीन थेट नावावर मिळत नाही, बँकेच्या न्यासामार्फत घ्यावी लागते, हे आधी ध्यानात घ्या. दर सांगणाऱ्याला रंग विचारा. बिल पक्कं की कच्चं ते स्वतःच ठरवा. सोमवार धरू नका. आणि ३ मेचं जेवण ‘इतर खर्च’मध्ये कोंबू नका, त्याला वेगळी ओळ द्या, आणि माणसं मेस्त्रो सांगेल त्याच्या दुप्पट धरा.